चाक राहू द्या, आधी माती बघा

"मातीकाम शिकायचंय, चाक कितीला मिळेल?" असे फोन मला सतत येतात. माझं उत्तर ठरलेलं आहे. चाक नंतर घ्या. आधी एक बादली, एक जुनं सुती पातळ आणि चार-पाच किलो माती आणा. चाकावर भांडं चढवणं बघायला छान वाटतं, पण कामाच्या एकूण वेळात त्याचा वाटा फार थोडा. हात बसलेल्या कुंभाराचं मडकं चाकावर काही मिनिटांत उभं राहतं. त्याच्या आधी माती कित्येक दिवस भिजलेली, मुरलेली असते आणि नंतरही ते मडकं कित्येक दिवस सावलीत बसून असतं. नवशिक्याची भांडी हातात मोडतात त्यापेक्षा जास्त वाळताना तडकतात. म्हणून इथे वाळवण्याबद्दल पुष्कळ लिहिणार आहे आणि चाकाबद्दल थोडं.

मी कृष्णाकाठच्या कुंभारआळीत वाढलो. आता पुण्यात शिकवतो, भट्टी विजेची वापरतो. दोन्हीकडचं जे उपयोगी आहे ते सांगतो.

माती कुठली घ्यायची

गणपतीच्या दिवसांत शाडू कुठेही मिळतो, म्हणून लोक तोच घेऊन येतात. मूर्तीला तो उत्तम, कारण मूर्ती भाजायची नसते. भांड्याला नको. दुकानातल्या शाडूत काय मिसळलंय हे आपल्याला माहीत नसतं आणि भट्टीत तो कसा वागेल याचा भरवसा नाही. स्टेशनरीच्या दुकानात मिळणारी, हवेवर वाळणारी क्लेही नको. तिच्यात चिकटवणारे पदार्थ घातलेले असतात. शोभेच्या वस्तूंना ती चालते, पण त्या वाटीत पाणी घातलंत तर वाटी मऊ पडेल.

तुम्हाला हवी ती टेराकोटाची माती. मोठ्या शहरांत ती मळलेली, पिशवीबंद मिळते. नाहीतर जवळच्या कुंभारआळीत जा आणि तयार माती विकत मागा. मुंबईत धारावीचा कुंभारवाडा आहेच, आणि बहुतेक तालुक्याच्या गावात एखादं तरी घर अजून पणत्या-सुगडं करतं. दिवाळी आणि संक्रांतीच्या आधीचे पंधरा दिवस सोडून जा, तेव्हा त्यांना मान वर करायला फुरसत नसते. आणि फुकट मागू नका. ती माती कुणीतरी तुडवलेली असते.

स्वतःच्या शेतातली माती वापरायची हौस असेल तर मात्र जरा थांबा. देशावरची काळी माती बोटांना लोण्यासारखी लागते, वाटतं हिच्यासारखी दुसरी नाही. पण ती बेसाल्टच्या खडकापासून झालेली आहे आणि तिच्यातल्या बारीक कणांच्या थरांमध्ये पाणी शिरलं की ती फुगते. वाळताना तितकीच आवळते. उन्हाळ्यात शेताला पाय जाईल एवढ्या भेगा पडतात त्या याच कारणाने, आणि तुमच्या वाटीलाही तशाच पडतील. आमच्याकडे निव्वळ काळी कधी वापरली नाही. तळ्याचा गाळ आणि नदीकाठचा पोयटा यांत ती थोडी घालायची, चिकटपणापुरती.

काळ्या मातीत दुसरा शत्रू असतो तो चुनखडीचा. पांढरे बारीक खडे दिसतात ना, तेच. भट्टीत त्यांचा कळीचा चुना होतो. भांडं छान लाल भाजून बाहेर येतं, तुम्ही ते कौतुकाने खिडकीत ठेवता आणि आठ-पंधरा दिवसांनी त्याच्यावरून टिकलीएवढा पापुद्रा उडून पडतो. खाली पांढरा ठिपका असतो. चुन्याने हवेतला ओलावा ओढला आणि तो फुगला, एवढंच झालेलं असतं. यावर उपाय आधीच करायचा. चिमूटभर सुक्या मातीवर व्हिनेगर टाका. फसफसली तर चुना आहे. थोडी फसफस असेल तर बारीक चाळणीतून गाळून काम भागतं, कारण मोठा खडाच पापुद्रा उडवतो. फारच उसळली तर ती माती झाडांना द्या.

आणखी दोन परीक्षा आहेत. ओल्या मातीची करंगळीएवढी जाड वळी करून ती बोटाभोवती गुंडाळा. न तुटता गोल फिरली तर माती कामाची. बारीक चिरा पडल्या तर जरा मुरू द्या. तुकडेच पडले तर तिच्यात चिकण कमी आहे. दुसरी परीक्षा आवळण्याची. मातीची पट्टी करून तिच्यावर बरोबर १० सेंटिमीटरची रेघ ओढा आणि पट्टी पूर्ण वाळल्यावर रेघ मोजा. ९.३ ते ९.५ भरली तर ठीक. ९ च्या खाली गेली तर माती फार आवळते आहे, तिच्यात वाळू हवी.

भिजवणं, गाळणं, मळणं

खणून आणलेली माती आधी कडक वाळवा. उलटं वाटेल, पण ओलसर ढेकूळ पाण्यात तसंच बसून राहतं आणि कडकडीत सुकलेलं ढेकूळ पाणी पिऊन आपणहून फुटतं. ढेकळं फोडून बादलीत टाका, वर चार बोटं पाणी राहील असं भरा आणि हात न घालता रात्रभर ठेवा. दुसऱ्या दिवशी ढवळा, पिठाच्या चाळणीतून गाळा, निवळू द्या, वरचं पाणी ओता. खाली राहिलेला दाट गाळ सुती पातळाच्या झोळीत बांधून टांगा, किंवा शहाबादी फरशीवर पसरा. फरशी पाणी ओढते. चकाकणारी टाइल ओढत नाही, तिच्यावर पसरू नका.

यात काहीतरी खरखरीत घालावं लागतं. आमच्या आळीत गाढवाची लीद आणि राख घालायचे. लीद जळून जाते आणि भांड्यात बारीक छिद्रं राहतात, त्यामुळे माठाला पाझर चांगला मिळतो. शहरात लीद कुठून आणणार? पाच वाट्या मातीला एक वाटी चाळलेली नदीची वाळू घाला, किंवा फुटक्या माठाच्या खापऱ्या कुटून त्यांचा रव्याएवढा चुरा घाला. स्टुडिओवाले त्याला ग्रॉग म्हणतात. हे खरखरीत कण स्वतः आवळत नाहीत, म्हणून भांड्याचं एकूण आवळणं कमी होतं आणि आतलं पाणी बाहेर यायला वाटा मिळतात. समुद्राची वाळू मात्र नको. तिच्यात मीठ असतं आणि शिंपल्यांचा चुरा असतो, म्हणजे पुन्हा चुनाच.

मिसळून झालं की प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून निदान आठवडाभर मुरत ठेवा. वास येईल. येऊ द्या, तो चांगला वास आहे.

मळणं म्हणजे नुसतं चुरणं नव्हे. गोळा तळहाताने पुढे ढकला, पाव वळसा देऊन आपल्याकडे ओढा, पुन्हा ढकला. जोर खांद्यातून यावा, मनगटातून नाही. टेबल कमरेच्या खाली असेल तर पाठ दुखणार नाही. मधूनच दोऱ्याने गोळा मधोमध कापून बघा. कापलेल्या भागावर पोकळ्या, गुठळ्या किंवा दोन रंगांच्या रेषा दिसत असतील तर अजून मळा.

इथे एक समजूत दुरुस्त करतो. मातीत हवेचा बुडबुडा राहिला की भांडं भट्टीत फुटतं असं सगळीकडे सांगितलं जातं. कोरड्या पोकळीने काही फुटत नाही. फोडते ती वाफ. भांडं जाड असेल, आत ओल राहिली असेल आणि आच पटकन वाढली तर त्या पाण्याची वाफ होते, तिला निघायला जागा मिळत नाही आणि ती भिंत उडवते. मळायचं ते माती एकसारखी व्हावी म्हणून. स्फोट टाळायचा तर वाळवण्याकडे बघा.

पहिली वस्तू: पणती, मग वाटी

पहिल्या दिवशी पणती करा. लिंबाएवढा गोळा डाव्या तळहातात घ्या, उजवा अंगठा मधोमध खाली दाबा आणि तळाला अर्ध्या बोटाच्या जाडीएवढी माती राहिली की थांबा. आता अंगठा आत आणि दोन बोटं बाहेर ठेवून हलके दाबत जा. प्रत्येक दाबानंतर गोळा थोडा फिरवा. तळापासून सुरुवात करायची आणि काठाकडे यायचं. सगळे काठापासून सुरू करतात, कारण काठ हाताशी असतो. मग काठ पातळ होऊन झालरीसारखा पसरतो आणि तळ ढेकळासारखा जाड राहतो. भिंत सगळीकडे ५-६ मिलिमीटर जाड ठेवा. जाडी कमी-जास्त झाली की पातळ भाग आधी वाळतो, जाड भाग मागे राहतो आणि दोघांच्या ओढाताणीत मधे चीर पडते.

काठाला बारीक चिरा दिसल्या तर पाणी लावायची घाई होते. पाण्याने चीर मिटल्यासारखी दिसते आणि वाळताना दुप्पट उघडते. ओलं बोट न लावता कोरड्या बोटाने दाबून बुजवा. शेवटी वातीसाठी एका बाजूला चोच ओढा आणि तळ फळीवर हलकेच आपटून सपाट करा.

पणत्या जमल्या की वळ्यांची कुंडी करा. तळासाठी चपटी चकती घ्या आणि लाकडाच्या तुकड्याने ती चांगली ठोकून दाबा. न दाबलेला तळ वाळताना मधोमध फाटतो. मग अंगठ्याएवढ्या जाड वळ्या एकावर एक चढवा. प्रत्येक जोडावर दोन्ही बाजूंना जुन्या टूथब्रशने किंवा काट्याने ओरखडे काढा, त्याच मातीची दाट स्लिप, म्हणजे पाण्यात कालवलेली माती, लावा आणि दाबून थोडं हलवत बसवा. मग आतून बोटाने वरच्या वळीची माती खालच्या वळीवर ओढून घ्या. बाहेरून वळ्या दिसायला हव्या असतील तर राहू द्या, आतून मात्र एकजीव झाल्याच पाहिजेत. एका दमात चार-पाच वळ्यांच्या वर जाऊ नका. खालची भिंत जरा ताठरू द्या, नाहीतर सगळं बसकण मारेल. कुंडीला तळाला भोक आत्ताच पाडा. भाजल्यावर ड्रिल लावून तडा पाडून घेणारे पाहिले आहेत.

जोडकामाचा एक नियम पाठ करून ठेवा. ओल्याला ओलं जोडायचं, ताठरलेल्याला ताठरलेलं. कपाला कान लावायचा तर दोन्ही एकाच ओलाव्याचे हवेत. माती बोटाने दबत नाही पण नखाने कोरता येते, त्या अवस्थेला स्टुडिओत लेदर हार्ड म्हणतात. कान लावणं, तळ खरवडणं, नक्षी कोरणं, गेरूचा हात देणं, सगळं तेव्हाच.

वाळवणं

ओल्या मातीचे कण पाण्याच्या पातळ थरावर एकमेकांपासून लांब असतात. पाणी गेलं की ते जवळ येतात आणि भांडं लहान होतं. लहान होणं थांबवता येत नाही. ते सगळीकडून सारख्या वेगाने व्हावं एवढंच आपल्या हातात आहे.

आता तुमची वाटी फळीवर ठेवलेली डोळ्यांसमोर आणा. काठ पातळ, उघडा, चहूबाजूंनी वारा लागलेला. तळ जाड आणि फळीला चिकटलेला. काठ वाळून आवळतो तेव्हा तळ ओलाच असतो. म्हणून काठावरून खाली जाणारी चीर पडते, आणि ती दिसली की लोक मातीला नावं ठेवतात. यासाठी पहिल्या दिवशी सगळं भांडं प्लास्टिकखाली झाका. दुसऱ्या दिवशी काठाला ओलसर फडक्याची पट्टी ठेवून बाकीचं थोडं उघडा. ताठरलं की भांडं पालथं करा, म्हणजे तळाला वारा लागेल आणि काठ खाली दबलेला राहील. खाली वर्तमानपत्राचे दोन कागद ठेवा. भांडं आवळताना कागदावर सरकतं, लाकडावर अडकतं आणि फाटतं. कपाच्या कानाला वेगळं प्लास्टिक गुंडाळा, तो अंगापेक्षा लवकर वाळतो.

ऊन नको. पंखा नको. हेअर ड्रायरचं तर नाव काढू नका.

किती दिवस लागतात, हे सगळे विचारतात. पुण्यात मार्च महिन्यात पणती तीन दिवसांत होते, कुंडीला आठ-दहा दिवस द्या. कोकणात किंवा महाबळेश्वरच्या अंगाला पावसाळ्यात हिशेबच करू नका. हवाच ओली असते, भांडं त्या हवेपेक्षा कोरडं होणार कसं? आमच्या आळीत चातुर्मासात आवा, म्हणजे गावची भट्टी, बंदच असायचा, फार तर बेंदराचे बैल व्हायचे, आणि ते कच्चेच विकले जायचे.

वाळलं की नाही हे गालाला लावून बघा. गार लागलं तर आत अजून पाणी आहे आणि ते उडतं आहे, म्हणून गार. खोलीइतकंच कोमट लागलं आणि रंग सगळीकडे सारखा फिका दिसला, तर वाळलं. या अवस्थेत भांडं सगळ्यात नाजूक असतं. काठाला धरून उचलू नका, दोन्ही हातांनी खालून धरा.

चाकाबद्दल थोडं

हाताने एकसारख्या जाडीची वाटी जमू लागली की चाकावर बसा. सुरुवातीचे कित्येक दिवस भांडं करायचंच नाही, गोळा मध्यावर आणायचा. कोपर मांडीवर किंवा पोटाशी घट्ट टेकवा. हात हलता कामा नये, माती हलली पाहिजे. डोळे मिटून बघा. गोळा मध्यावर आला की तळहाताला धक्के लागायचे बंद होतात. त्याच्या आधी भोक पाडलं तर भिंत एका बाजूला जाड आणि दुसऱ्या बाजूला पातळ येणारच.

माठ करायची स्वप्नं बघणाऱ्यांसाठी एक गोष्ट. बाजारातला तो गोल पोटाचा माठ सगळा चाकावर होत नाही. चाकावर गळा, काठ आणि जाड भिंतीचं बुटकं अंग तेवढं होतं. ते ताठरलं की आतून गोल दगड धरायचा आणि बाहेरून लाकडी थापटण्याने ठोकत ठोकत पोट फुगवायचं. ठोकण्याने भिंत पातळही होते आणि घट्टही. माझी आत्या थापटण्याचं काम करायची, तेही बोलता बोलता, भांड्याकडे न बघता. चाकाला बायकांनी हात लावायचा नाही असा दंडक होता. आता माझ्याकडे शिकायला येणाऱ्यांत बायकाच जास्त, आणि त्यांचं चाक चांगलं चालतं.

भाजणं

घरच्या ओव्हनमध्ये माती भाजत नाही. ओव्हन २५० अंशांच्या आसपास थांबतो, तेवढ्याने फक्त ओल जाते. मातीच्या रचनेतच बांधलेलं पाणी साधारण ४५० ते ६०० अंशांत सुटतं. ते सुटलं की परतीची वाट बंद, माती पुन्हा पाण्यात विरघळत नाही. टेराकोटा ९०० ते १००० अंशांपर्यंत न्यावा लागतो. विजेची भट्टी स्वतः घेणं महाग पडतं, पण बरेच स्टुडिओ भट्टीतली जागा भाड्याने देतात. भांडं देताना माती कुठली आहे ते त्यांना खरं सांगा. चुकीच्या तापमानाला दुसऱ्याच्या फळ्यांवर तुमची माती वितळली तर नुकसान त्यांचं होतं.

स्वतः भट्टी लावत असाल तर १०० अंशांच्या खाली दोन-तीन तास थांबा, जाड कुंड्या असतील तर रात्रभर. मग सहाशेपर्यंत हळू चढवा. ५७३ अंशांना मातीतली गारेची वाळू एकदम फुगते, आणि थंड होताना त्याच ठिकाणी एकदम आकसते. म्हणून भट्टी उघडायची घाई नको. आतलं तापमान शंभराच्या खाली आल्याशिवाय दाराला हात लावू नका.

गावचा आवा म्हणजे गोवऱ्या, लाकूड आणि पाचट यांच्या थरांत रचलेली भांडी, वरून खापऱ्या आणि मातीचा लेप. वारा पडलेली संध्याकाळ बघून पेटवायचा. धूर आत कोंडला, हवा तोडली की लाल मडकं काळं होतं. लोहाचा ऑक्सिजन धूर ओढून घेतो आणि काजळीही मातीत शिरते. सोसायटीच्या गच्चीवर हा प्रयोग करू नका, शेजारी बोलावतील ते अग्निशामक दलाला. कुणाच्या आव्यात आपल्या चार वस्तू ठेवू देतात का ते विचारा, बहुतेक हो म्हणतात.

भाजलेलं भांडं बोटाच्या पेराने वाजवा. खणखणीत वाजलं तर पक्कं, बद्द वाजलं तर कच्चं किंवा तडा गेलेलं. गोरोबाकाकांनी तेरला संतांच्या डोक्यांवर थापटणं मारून कच्चं मडकं शोधल्याची कथा आपल्याकडे सगळ्यांना पाठ आहे, पण ही परीक्षा त्याहूनही जुनी असणार. संगमनेरजवळच्या जोर्वे गावावरून ज्या भांड्यांना नाव पडलं ती जोर्वे मृद्भांडी तीन हजार वर्षांपूर्वीची आहेत. लाल अंग, काळी नक्षी, आणि त्यांची खापरी आजही धातूसारखी वाजते. घोड नदीकाठी इनामगावच्या उत्खननात तर कुंभाराची भट्टीही सापडली.

वापरताना

न झिलई केलेलं मातीचं भांडं पाणी झिरपू देतं. माठात ते हवंच असतं, बाहेर आलेलं पाणी उडताना आतलं गार करतं. सोलापुरात माठ जसा गारवा देतो तसा मुंबईत देत नाही, याला माठ जबाबदार नाही, दमट हवा आहे. फुलदाणीखाली मात्र बशी ठेवा, नाहीतर टेबलावर डाग पडतील. जेवणाच्या वाटीला ग्लेझ, म्हणजे झिलई, द्यायचं असेल तर लेबलवर शिसं नाही आणि अन्नासाठी चालतं असं लिहिलेलं असेल तेच घ्या, आणि पाकिटावर दिलेल्या तापमानालाच भाजा. स्वस्तात सुटं विकलं जाणारं चकचकीत ग्लेझ खाण्याच्या भांड्याला लावू नका.

जागा झाडू नका, ओल्या फडक्याने पुसा. सुक्या मातीच्या धुळीत सिलिका असते आणि ती वर्षानुवर्षं छातीत जात राहिली तर फुप्फुसं कायमची खराब होतात. सुकं भांडं घासायचं असेल तर बाहेर घासा आणि तोंडाला मास्क लावा.

हात धुतलेलं पाणी बेसिनमध्ये सोडू नका, नळीत माती बसली की प्लंबरचं बिल भरावं लागेल. सगळं एका बादलीत धुवा, रात्रभर निवळू द्या, वरचं पाणी झाडांना घाला. खालच्या गाळात वाळून मोडलेली भांडी आणि खरवडलेला चुरा टाका, तीच तुमची पुढची माती. भाजून फुटलेल्या खापऱ्या त्यात जाऊ देऊ नका. त्या कुटून, चाळून वेगळ्या डब्यात भरून ठेवा, पुढच्या मळणीत वाळूऐवजी त्याच घालता येतील.